राहिलेली ओ

"हिलेवीऽऽ..."

नावातलं शेवटचं अक्षर तो असं लांबवायचा की ते पाण्यावरून सरपटत यायचं, धक्क्याच्या खांबांना वळसा घालायचं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभं राहायचं. रोज काहीतरी विसरायचा येर्केर. कधी कॉफीचा थर्मास, कधी हातमोजे, बहुतेक वेळा ओठाखाली धरायच्या तंबाखूची डबी. होडी घेऊन पार खाडीच्या तोंडाशी गेला की त्याला आठवायचं, आणि मग तिथूनच हाक. हिलेवी पिठाचे हात तसेच घेऊन खिडकीत यायची. "ओऽऽ, काय विसरलास आता?" अख्ख्या स्तेनविक गावाला ऐकू जायचं. शेजारचा स्तूरे म्हणायचा, यांच्या लग्नात पाद्र्यानं उगाच घसा कोरडा केला, एक हाक आणि एक ओ एवढ्यावर भागलं असतं.

त्या एप्रिलच्या सकाळी हाक आली तीही तशीच. भ्यालेली नव्हती, घाईची नव्हती. डबी विसरल्यासारखीच होती. बाहेर धुकं इतकं दाट की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. हिलेवी खिडकीत आली, ओ देण्यासाठी तिनं तोंड उघडलं, आणि सासूनं, त्यूरानं, तिचं मनगट धरलं.

"धुकं आहे," त्यूरा म्हणाली. "आधी लाकूड."

वेनेर्न तळ्याच्या या काठावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. तळं एवढं थोरलं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि त्याच्या पोटात कोणकोण राहिलंय ते त्याचं त्याला ठाऊक. धुक्यात ते हाका मारतात. ओळखीच्या आवाजात, आपल्याच नावानं. ओ दिलीत तर ती हाक पाठोपाठ घरी येते, आणि जाताना एकटी जात नाही. म्हणून धुक्यात हाकेला तोंडानं ओ द्यायची नाही. हाताशी येईल ते लाकूड लाकडावर ठोकायचं आणि थांबायचं. बुडालेल्याला आवाज असतो, हात नसतात. माणूस जिवंत असेल तर तोही आपल्या होडीच्या काठावर ठोकेल. मग खुशाल बोला. बाया पाळणा हलवतानाच गायच्या:

धुक्यातली हाक, तिला नाही हात,
ठोक लाकडात, मग बोल.

हिलेवी धक्क्यावर धावली. वल्हं उचललं, फळ्यांवर ठोकलं, थांबली. पाणी गप्प. मग पुन्हा हाक, जरा लांबून, "हिलेवीऽऽ". तिनं पुन्हा ठोकलं, हाताला झिणझिण्या येईपर्यंत ठोकलं, आणि श्वास धरून उभी राहिली. उलट ठोका आला नाही. त्यूरानं मागून येऊन तिच्या खांद्यावर शाल टाकली.

"तो नव्हे," त्यूरा म्हणाली. "चल आत."

दोघी आत गेल्या. पोहणाऱ्या माणसाजवळ ठोकायला लाकूड नसतं, हे दोघींपैकी एकीलाही तेव्हा सुचलं नाही.

*

त्याची होडी दुपारी सापडली. 'टिटवी' तिचं नाव, कारण वसंतात तुऱ्याच्या टिटव्या परतल्या की तीही पाण्यात उतरायची. एका बेटाच्या कडेला लव्हाळ्यांच्या बनात ती तोंड खुपसून उभी होती, इंजिन अजून चालू होतं. गळाच्या काठ्या आपापल्या खोबणींत ताठ होत्या आणि एकीच्या गळाला कधीचा मरून गेलेला ट्राउट मासा होता. सुकाणू सरळ धरून ठेवणारं यंत्र लावलेलं होतं. कसं झालं ते कुणाला सांगावं लागलं नाही. ओढीच्या मासेमारीत, गळ मागं ओढत नेताना, होडी माणसाच्या पायी चालीनं चालवतात. त्याहून जोरात गेलं तर सॅल्मन गळावरच्या चकाकत्या चमच्याकडं, त्या खोट्या माशाकडं, बघतही नाही. एकटा माणूस यंत्रावर सुकाणू सोपवून मागं जातो, गुंतलेलं तंगूस सोडवायला वाकतो, पाय सरकतो. होडीला कळत नाही. ती आपली त्याच चालीनं पुढं जात राहते. रस्त्यावर ती चाल लहान मूलही गाठेल. बर्फ नुकतंच फुटलेल्या पाण्यात ती कुणालाच गाठता येत नाही.

डावीकडची फळी तेवढी नव्हती. होडीच्या दोन्ही अंगांना, डोलकाठीला लांब दोरीनं बांधलेल्या दोन फळ्या असतात. पाण्यात उभ्या राहून त्या होडीपासून दूर दूर पळू बघतात, आणि त्यांना अडकवलेले गळ इंजिनाच्या गडबडीबाहेरच्या शांत पाण्यातून जातात. येर्केरनं त्या स्वतः तासल्या होत्या आणि कोठारांना लावतात त्या तांबड्या रंगानं रंगवल्या होत्या. डावीकडची दोरी तुटून तिचा शेंडा डोलकाठीवरून लोंबत होता.

हिलेवीला कुणी बोल लावला नाही. उलट बायका येऊन म्हणाल्या, आम्हीही तेच केलं असतं. त्या खरंच बोलत होत्या, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. येर्केर काही मिळाला नाही. थंड तळं माणूस परत देत नाही, ठेवून घेतं.

तेव्हापासून हिलेवीनं कुणाच्याच हाकेला ओ दिली नाही. पोस्टमन फाटकातून ओरडला की ती हातातलं टाकून फाटकापर्यंत चालत जायची. चर्चच्या पायरीवरून कुणी नाव घेतलं तर वळून जवळ जायची आणि मग बोलायची. लोकांना वाटायचं, बाई अबोल झाली. ती अबोल नव्हती झाली. एक ओ घशाशी येऊन अडकली होती, आणि ती निघाल्याशिवाय दुसरी कशी निघणार?

त्यानंतरच्या वसंतात म्हातारा आल्रिक, येर्केरचा बाप, टिटवी घेऊन निघाला. सुकाणूच्या यंत्राचे स्क्रू काढून ते त्यानं उपटून टाकलं होतं. "सुकाणू हातानं धरणार," तो म्हणाला, "पण काठ्या सांभाळायला कुणीतरी पाहिजे." हिलेवी गेली. बर्फ फुटल्यापासून पाणी तापेपर्यंत दोघं जात राहिली, वर्षामागून वर्ष. आणि पहिल्याच वसंतात, धुकं उतरलं तेव्हा, तिला हाक ऐकू आली. तीच, डबी विसरल्यासारखी.

आल्रिकला ती ऐकू येत नव्हती. कागदाच्या गिरणीत उभा जन्म काढून त्याचे कान गेले होते. समोर उभं राहून ठासून बोललं, ओठ दिसले, तरच त्याला कळायचं. पण तो विचारायचा. धुकं आलं की दर वेळी विचारायचा, "आली?"

आणि ती मान हलवायची. "नाही."

त्यूरा मरण्याआधी तिला म्हणाली होती, "म्हातारा तिकडं मासे धरायला जात नाही, पोरी, तुला माहितेय. हाक आली असं नुसतं कळलं तरी तो ओ देईल. नुसती देणार नाही, होडीचा काठ ओलांडून जाईल. त्याला कळू देऊ नकोस." हिलेवीनं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. दर वसंतात म्हाताऱ्याला पाण्यावर न्यायचं आणि परत आणायचं. मध्ये हाक येईल ती एकटीनं ऐकायची. एवढंच तिचं काम होतं, आणि आजवर ते तिनं निभावलं होतं.

*

या वर्षी बर्फ उशिरा फुटलं. मग दक्षिणेकडून एकाएकी ऊबदार वारा सुटला, बर्चच्या फांद्यांना लालसर धूर आल्यासारखं झालं, आणि स्तेनविकची पोरं महिनाअखेरच्या शेकोटीसाठी काटक्या ओढून आणू लागली. हिलेवी सकाळी धक्क्यावर गेली तेव्हा आल्रिक आधीच होडीत बसला होता. चढताना त्याला कुणी पाहू नये म्हणून तो हल्ली लवकर यायचा.

पलीकडच्या होडीतून स्तूरेनं मान वर केली.

"अगं, त्या लाकडी फळ्या आता संग्रहालयाला द्या की. लोकांकडं प्लास्टिकच्या आल्या, तळहाताएवढ्या."

"काय म्हणतोय?" आल्रिकनं विचारलं.

"म्हणतोय, फळ्या छान आहेत."

"छान म्हणताना त्याचं तोंड एवढं वाकडं होत नाही." म्हातारा स्तूरेकडं वळला. "तुझ्या त्या प्लास्टिकनं गेल्या वर्षी किती धरलेस रे? तुझी बायको दुकानातून मासा घेताना दिसली मला."

"माझी बायको मांजरासाठी घेते."

"मांजर बरंच जाड झालंय मग. खुर्चीत बसून पेपर वाचत होतं परवा."

स्तूरे हसला, पण हसू आवरून तो हिलेवीकडं सरकला आणि आल्रिकला ओठ दिसणार नाहीत असं तोंड फिरवून म्हणाला, "वारा गरम आहे, पाणी गार. दुपारच्या आत धुकं धरेल. बेटापलीकडं नेऊ नकोस त्याला."

"ऐकतील तर ना."

"या वर्षी पाय बघ त्याचे. शेवटचाच फेरा समज."

ते तिला दिसत होतं. आल्रिकलाही ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी इंजिन मंद करताना तो आपण होऊनच बोलला. "पुढच्या वर्षी हे पाय होडीत चढणार नाहीत, पोरी."

"मग मी उचलून बसवीन."

"बटाट्याच्या पोत्यासारखा?"

"पोतं बोलत नाही, बाबा. ते बरं पडेल."

तो हसला. मग तळ्याकडं बघत म्हणाला, "आज आली तर सांगशील?"

"सांगेन," हिलेवी म्हणाली, आणि गळ सोडायला मागं वळली.

पाण्याला काकडीचा वास येत होता. नॉर्स वर आला होता, ती बोटभर चंदेरी मासळी, जिच्या थव्यांना ताज्या चिरलेल्या काकडीचा वास येतो. जिथं हा वास तिथं खाली सॅल्मन. हिलेवीनं उजवीकडची तांबडी फळी पाण्यात उभी केली आणि दोरी सैल सोडली. फळी मान ताठ करून, तोंडाशी फेसाची बारीक मिशी घेऊन दूर सरकत गेली. डावीकडं नवी फळी होती, आल्रिकनं तासलेली, बिनरंगाची. इतक्या वर्षांत तिला रंग लावायचं दोघांपैकी कुणी काढलं नव्हतं. मग चमचे सोडले. तांब्याचे, ठोकून वाकवलेले, येर्केरच्याच हातचे. गळाला लागून त्यांवर ओरखडे पडले होते, पण पाण्यात ते अजून जखमी नॉर्ससारखे लडबडत जायचे.

आल्रिक एका हातानं सुकाणू धरून बसला. दुसऱ्या हाताचा तळवा होडीच्या काठावर सपाट. हे त्याचे कान होते. इंजिन, पाणी, दोरी, सगळं त्याला लाकडातून कळायचं.

"उजवीकडचा, बाहेरचा," तो म्हणाला. काठी अजून हललीही नव्हती. मग ती एकदम वाकली आणि चरखी किरकिरली.

हिलेवीनं मासा हळूहळू आणला. सॅल्मन होता, हातभर, पाठ पोलादासारखी. काठाशी येऊन त्यानं एकदा उसळी मारली आणि तिच्या तोंडावर तळं उडवलं.

"पर?" आल्रिकनं विचारलं.

शेपटीच्या आधी पाठीवर जो बोटाच्या पेराएवढा मऊ पर असतो तो तिनं चाचपला. हौदात वाढवून तळ्यात सोडलेल्यांचा तो कापलेला असतो. ते घरी न्यायचे. याचा शाबूत होता.

"आहे."

"मग तळ्यात जन्मलाय तो. सोड."

तिनं हातमोजा काढला, हात ओला केला, गळ सोडवला आणि माशाचं तोंड पुढं करून त्याला पाण्यात धरून ठेवलं. मासा दमला होता. कल्ले उघडत होते, मिटत होते. ती वाट बघत राहिली. बोटं बधिर झाली तेव्हा तिच्या तळव्यात काहीतरी जागं झाल्यासारखं झालं, आणि मासा निघून गेला. तळवा रिकामा. ती तशीच वाकून राहिली, हात पाण्यात.

"कॉफी," आल्रिक म्हणाला, तिच्या पाठीकडं बघून. त्याला पाठी वाचता यायच्या.

वेलदोड्याचा गोड पाव मोडून दोघं खात होती तेव्हा बेट दिसेनासं झालं.

*

धुकं आलं ते चालत आलं नाही, पाण्यातून उगवलं. आधी पाण्यावर वाफेच्या बटा, मग कमरेएवढं, मग डोलकाठी अर्धी. फळ्या आपापल्या दोऱ्यांच्या टोकाला विरून गेल्या. दोऱ्या तेवढ्या दिसत होत्या, कुठंतरी जाणाऱ्या. काकडीचा वास इतका वाढला की कुणी होडीतच काकडी चिरत बसलंय असं वाटावं.

"परतू या, बाबा," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली.

"गळ बाहेर आहेत. सावकाश वळू." त्यानं सुकाणू जेमतेम फिरवलं, आणि मासे मारायचा दांडका उचलून होडीच्या काठावर ठोकला. धुक्यात दुसरी होडी असेल तर तिला कळावं म्हणून. टक्. टक्. थांबला, तळवा काठावर ठेवला. काही नाही. पुन्हा ठोकला.

हिलेवीनं गळ आवरायला चरखी हातात घेतली, आणि हाक आली.

"हिलेवीऽऽ..."

मागून आली, डावीकडून, जरा खालून. पाण्याच्या उंचीवरून. हे तिला दर वर्षी जाणवायचं आणि दर वर्षी ती ते विसरू बघायची: होडीत उभ्या माणसाचा आवाज वरून येतो, हा पाण्याच्या कातडीवरून यायचा. शेवटचं अक्षर सरपटत आलं, होडीला वळसा घालून तिच्या पायांशी थांबलं. तिनं काठ धरला. दात दातांवर ठेवले.

"आली?" आल्रिकनं विचारलं.

"नाही." तिनं ओठ नीट हलवून सांगितलं. "पाणपक्षी ओरडला."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर तिच्यावरून निघाली आणि स्वतःच्या हातावर आली. काठावर सपाट ठेवलेल्या तळव्यावर. बोटं पसरली, जशी तो मासा लागण्याआधी पसरायचा.

"कुणीतरी ठोकतंय," तो म्हणाला.

"स्तूरे असेल."

"स्तूरेची होडी फायबरची. हे लाकूड आहे." त्यानं दांडक्यानं पुन्हा ठोकलं, टक् टक्, आणि डोळे मिटले. "हे बघ. परत."

आता तिलाही ऐकू आलं. डावीकडं, जवळ. लाकडावर लाकूड, ओलं, बसका आवाज. टक्. टक्. घाई नसलेलं.

तिनं वाकून पाहिलं. होडीच्या अंगाला लागून पाण्यात एक फळी चालली होती.

आपलीच असेल, दोरी आखडून जवळ आली असेल, असं तिला एक क्षण वाटलं. पण आपली बिनरंगाची होती. ही तांबडी होती. रंग कडांशी उडालेला, बुडाला शेवाळ्याची दाढी, वरच्या कोपऱ्याला गरम खिळ्यानं डागलेला टिटवीचा तुरा. येर्केर प्रत्येक वस्तूला तो डागायचा. फळी आडवी पडून तरंगत नव्हती. ती पाण्यात उभी होती, मान ताठ, तोंडाशी फेसाची बारीक मिशी, आणि होडीच्या चालीनं चालली होती. तिची दोरी ताणलेली होती. ती पाण्यातून वर निघून, पुढं, माणसाच्या डोक्याच्याही वर, जिथं एखाद्या होडीची डोलकाठी असावी तिथं धुक्यात शिरत होती. तिथं काहीही नव्हतं. इंजिनाचा आवाज नव्हता, होडीची काळी आकृती नव्हती. फक्त दोरी, आणि ओढणारं कुणीतरी.

फळी काठाशी आली, टेकली. टक्. टक्. आणि सरकली.

आल्रिकनंही पाहिलं. तो उठला नाही. हिलेवी त्याच्या आणि काठाच्या मध्ये येऊन उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून, जशी आई रांगत्या लेकराला अडवायला चुलीपुढं उभी राहते. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हात लांब करून इंजिन बंद केलं.

एवढी शांतता हिलेवीनं आयुष्यात ऐकली नव्हती. टिटवी थांबत गेली, थांबली. तिच्या दोन्ही फळ्यांचा ताण गेला असणार. दोऱ्या सैल पडून पाण्यात बुडाल्या. खाली चमचे हळूहळू तळाकडं निघाले असतील. पण ती तांबडी फळी थांबली नाही. ती होडीच्या बाजूनं पुढं निघाली. हळू. माणूस चालतो तितकी हळू.

"हाक आली ना?" आल्रिक म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. "खरं सांग आता."

"आली."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

त्यानं मान डोलावली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तू 'नाही' म्हणायच्या आधी हा काठ आवळायचीस," तो म्हणाला. "हे लाकूड माझ्या तळव्याखाली आहे, पोरी. मला ते पहिल्याच वर्षी कळलं."

"मग विचारत का होतात?"

"तू सांगावंस म्हणून."

तिचे पसरलेले हात खाली आले. "आई म्हणाल्या होत्या, तुम्हाला कळलं तर तुम्ही जाल. काठ ओलांडून."

"त्यूराला वाटायचं, मी जेवणाचं ताट बघितलं तरी त्यात उडी मारीन." तो जरासा हसला, आणि मग हसू मावळलं. "मला काय म्हणून बोलावेल तो? माझं नाव घेतोय का? तुला बोलावतोय. डबी तुझ्याकडं मागायचा, माझ्याकडं नाही."

"पण ओ द्यायची नसते, बाबा. तुमच्याच घरात शिकले मी."

"अर्धंच शिकलीस. पुढचं कुणी गात नाही, पोरं पहिल्या ओवीलाच झोपतात." म्हाताऱ्यानं काठावर तळव्यानं ताल धरला. न ऐकणाऱ्या माणसाचा सूर जसा भरकटतो तसा तो भरकटत होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते, त्यूरा गाताना कधीकाळी पाळण्याच्या लाकडातून ऐकल्यासारखे:

वाजले लाकूड, आला ग आपुला,
दमला भागला, ओ दे त्याला.

"त्याला तेव्हा लाकूड सापडलं नव्हतं," आल्रिक म्हणाला. "आता सापडलंय. किती दिवस शोधत होता कुणास ठाऊक."

"आणि मागोमाग घरी आला तर?"

"घर त्याचंच आहे." मग पाण्याकडं बघत, "पण येणार नाही. तू मासा सोडतेस ना, तोंड पुढं धरून? तो जागा झाला की कुठं जातो?"

हिलेवीनं पाहिलं. फळी होडीच्या नाळेपर्यंत, पुढच्या टोकापर्यंत पोचली होती. तिथून पुढं धुकं. तिची शेवाळ्याची दाढी पाण्यात मागं वाहत होती, फेसाची मिशी तशीच. घाई नव्हती, थांबणं नव्हतं. हिलेवीला एकाएकी कळलं की हे त्यानं पाहिलं होतं. पाण्यातून, गळ्यापर्यंत पाण्यात असताना, हेच: आपली होडी चालीचालीनं दूर जाते आहे, हात लांब केला तर मिळेल इतकी जवळ, आणि मिळत नाही. तेव्हा त्यानं होडीला हाक मारली नाही. किनाऱ्याकडं तोंड केलं आणि हाक हिलेवीला मारली. रोजच्यासारखी, तिला भिववायचं नाही म्हणून. वल्ह्याचे ठोके त्याला ऐकू गेले असतील. धक्क्यावर ती उभी आहे हे त्याला कळलं असेल. ठोकायला त्यानं आजूबाजूला काहीतरी शोधलं असेल.

"हिलेवीऽऽ..."

आता पुढून आली, फळीच्या पलीकडून. शेवटचं अक्षर पूर्वीसारखं लांबलं नाही. मध्येच दमलं.

ती नाळेकडं गेली. दोन पावलांची होडी, पण तिला धक्क्याची अख्खी लांबी चालून गेल्यासारखं वाटलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. घशाशी इतकी वर्षं बसलेली गोष्ट तिथंच बसून राहिली, हाडासारखी. फळीचं मागचं टोक धुक्यात शिरत होतं. टिटवीचा डागलेला तुरा तेवढा दिसत होता.

मागं आल्रिकनं काठावर ठोकलं. दांडक्यानं नाही, बोटाच्या सांध्यांनी. दारावर ठोकतात तसं. टक्. टक्.

आणि हिलेवीनं पिठाचे हात असावेत तसे दोन्ही हात अंगापासून दूर धरले, खिडकीत वाकतात तशी पाण्यावर वाकली आणि म्हणाली,

"ओऽऽ... ओ, येर्केर. इथं आहे मी. ऐकलं रे. त्या दिवशीही ऐकलं होतं."